रेवणशेठांची भूक

धान्याचा मोठा मोंढा असलेल्या एका गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या हाताला गुण होता, आणि त्याहून दुर्मिळ गोष्ट म्हणजे रोग्याचं बोलणं संपेपर्यंत ते गप्प बसत. त्यांच्यापाशी एक शिष्य शिकत होता. हुशार, पाठांतर चोख, अंगाने काटकुळा. काटकुळ्या माणसांना हटकून असतो तो गैरसमज त्यालाही होता, की आपण सडपातळ आहोत ते केवळ आपल्या संयमामुळे!

मोंढ्यातले आडते रेवणशेठ हे वैद्यांचे रोगी. देह अवाढव्य; दोन पायऱ्या चढले की धाप लागे. वैद्यांनी आहार आखून दिला आणि सात महिन्यांत शेठ बावीस किलोंनी उतरले. दर शुक्रवारी ते आपल्याच आडतीतल्या पोती तोलायच्या काट्यावर उभे राहत, शिष्य आकडा मोठ्याने वाची आणि हमाल कौतुकाने टाळ्या वाजवत. पुढे आकडा थबकला. मग हळूहळू परत चढू लागला. शेठ मात्र म्हणत, 'पथ्य चालूच आहे.'

एका शुक्रवारी शिष्य सगळ्यांदेखत म्हणाला, "शेठजी, काटा तर खोटं बोलत नाही. मग खोटं कोण बोलतंय?"

हमाल खो खो हसले. शेठही हसले. काट्यावरून उतरून त्यांनी सदरा नीट केला, आणि त्यानंतर ते वैद्यांकडे फिरकलेच नाहीत.

शिष्याने ही हकिगत ऐटीत गुरूंना सांगितली. गुरू त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी त्यांनी कोठीच्या किल्ल्या शिष्याच्या हातात ठेवल्या. "आजपासून महिनाभर तू रोजच्या निम्मं जेवायचं. आणि कोठी तूच सांभाळायची." का, ते सांगितलं नाही.

चार दिवस शिष्य तोऱ्यात होता. मग श्लोक अडखळू लागले. शेजारच्या घरी फोडणी पडली की तो उगाचच चिडे. बाराव्या दिवशी दुपारी गुरू कोठीत आले, तेव्हा तो गुळाच्या ढेपेपाशी बसला होता. बोटं चिकट, तोंड भरलेलं.

"गुरुजी, एकच खडा घेतला," तो कसाबसा म्हणाला. ढेपेचा अख्खा कोपरा नाहीसा झाला होता.

गुरू रागावले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून त्याच्याशेजारी जमिनीवरच बसले.

"खोटं बोलायला तुला कुणी शिकवलं नाही, बाळ. भुकेने शिकवलं. जठर आणि आतडी मेंदूला सतत निरोप धाडत असतात. नवे डॉक्टर त्या निरोप्यांना हार्मोन म्हणतात. एक म्हणतो 'खा', दुसरे म्हणतात 'पुरे'. माणूस वजन उतरवू लागला की देहाला वाटतं, दुष्काळ पडला. मग 'खा' म्हणणारा ओरडू लागतो आणि 'पुरे'चा आवाज बसतो. चार दिवस नव्हे, वर्ष-वर्ष. देह आपलं गेलेलं वजन असं मागत राहतो. तू बारा दिवसांत हरलास, आणि तुझ्या अंगावर तर उतरवण्याजोगं काही नव्हतंच."

शिष्याची मान खाली गेली.

"पण अपराध तुझा एकट्याचा नाही," गुरू म्हणाले. "माझे थोरले बंधू रेवणशेठांसारखेच स्थूल होते. एका लग्नाच्या पंगतीत मी म्हणालो, 'दादा, मांडवातल्या बाकीच्यांना तरी ठेवा काही!' पंगत हसली. त्यानंतर दादा माझ्यासमोर कधी जेवले नाहीत. पुढे छातीत दुखायला लागलं, तेही मला सांगितलं नाही. मी वैद्य, आणि मला कळलं ते इतरांबरोबर, तिरडी बांधताना. हे तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही."

शिष्य उठला तो तडक मोंढ्यात गेला. रेवणशेठ गादीवर बसले होते. पूर्वीपेक्षा जड दिसत होते, श्वासही आखूड झाला होता. त्याने त्यांचे पाय धरले आणि गुळासकट सगळं सांगून टाकलं. "शेठजी, मला बारा दिवससुद्धा निभलं नाही."

"बारा दिवस?" शेठ पुटपुटले. "मी सात महिने काढले हो. सात महिने रोज अर्धपोटी झोपलो. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. पण 'रेवणशेठ, भूक लागते का हो?' असं एकानेही विचारलं नाही."

शिष्याने हळूच विचारलं, "आता लागते?"

शेठांचे डोळे भरून आले.

"लागते," ते म्हणाले. "जेवून उठलो तरी लागते."