शेट्येबाईंनी शिकवलेलं क्रियापद

खाडीपलीकडच्या गावात शाळा तपासायला आलेल्या हळबेसाहेबांनी उतरताउतरता होडीवाल्याला झापलं, चहा पाणचट म्हणून हॉटेलवाल्यादेखत ओतून दिला आणि वर्गात येऊन शेट्येबाईंना फर्मावलं, "'बॉयकॉट' या क्रियापदाचा अर्थ आणि उगम सांगा. नाही आलं, तर तुमचा इंग्रजीचा वर्ग बंद."

"संध्याकाळपर्यंत सांगते, साहेब," बाई म्हणाल्या आणि मधल्या सुट्टीत गावातून एक चक्कर मारून आल्या. गाव तसंही चिडलेलंच होतं.

दुपारी साहेबांना कुठे चहा मिळाला नाही. खाणावळीची चूल पेटलीच नाही. संध्याकाळी होडीवाला धक्क्यावर जाळं विणत बसला, त्याने मानसुद्धा वर केली नाही.

साहेब रडकुंडीला आले. "बाई, हा काय प्रकार आहे?"

"हा अर्थ झाला. आता उगम. आयर्लंडात बॉयकॉट नावाचा एका जमीनदाराचा कारभारी होता. कुळांना छळायचा. लोकांनी त्याची अशीच गत केली आणि त्याच्या आडनावाचंच क्रियापद झालं."

साहेबांनी मुकाट्याने वर्ग चालू ठेवण्याचा शेरा लिहिला. बाईंनी होडीवाल्याला खूण केली.

"सांभाळून जा, साहेब. इंग्रजीत अजून क्रियापदांना जागा आहे, आणि तुमचं आडनाव उच्चारायलाही सोपं आहे."