अकरा माझे, समोर एक्का

"मग सोमवारी दुप्पट का करायला लावलीत?"

सुश्रुतने हातातली वही घरापुढच्या खळ्यात आपटली.

धुरी मास्तर सुपारी सोलत राहिले. तीस वर्षं त्यांनी परदेशी जहाजांवर पत्ते वाटले होते. आता वेंगुर्ल्याला घरी बसून, येईल त्याला ते एकवीसचा खेळ शिकवायचे. पानांची बेरीज एकवीसच्या पुढे जाऊ न देता जमेल तितकी जवळ न्यायची. वाटणाऱ्याचं एक पान समोर उघडं असतं, ते बघून ठरवायचं: आपली पानं बरी दिसली तर लावलेलं दुप्पट करायचं, पण मग पुढे पान एकच मिळतं; जोडी आली तर फोडून दोन डाव करायचे. मात्र पैसा नाही, काजूच्या बिया लावायच्या.

"सोमवारी पत्त्यांचो कॅट एक होतो," मास्तर म्हणाले. "आज सहा आसत."

"आणि नव्व्यांची जोडी? परवा फोडायला लावलीत. आज म्हणता, हात लावू नको."

"परवा समोर अठ्ठी होती. आज सत्ती."

"बरं, ते राहू द्या. अकराचं सांगा. एक कॅट काय, सहा काय, समोर एक्का असला तर फरक पडतो किती?"

"केसाएवढो."

सुश्रुतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संख्याशास्त्राचं सुवर्णपदक मिळवलेला माणूस, तीन आठवडे इथे पेजेवर राहिला होता. कुठल्या पानांवर काय करायचं याचा अडीचशे चौकटींचा तक्ता त्याला झोपेतून उठवलं तरी म्हणता आला असता. चार-पाच काठावरच्या चौकटी तेवढ्या उरल्या होत्या, जिथे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. नेमकं तिथेच म्हातारा ताकास तूर लागू देत नव्हता. केसाएवढाच फरक असेल तर काहीतरी एक ठरवून सांगावं आणि माणसाला मोकळं करावं. वारागणिक बदलतो त्याला का नियम म्हणायचं? ही शिकवण नव्हे, चेष्टा होती.

"मला कायमचं उत्तर हवंय," तो म्हणाला. "अकरा माझे. समोर एक्का. दुप्पट करू, की साधं पान घेऊ? नाही सांगितलंत, तर मी आत्ताच्या आत्ता उठून जाईन."

मास्तरांनी दुसरी सुपारी उचलली.

...

"नुसता जाणार नाही," सुश्रुत म्हणाला. "पुन्हा जन्मात पत्त्याला हात लावणार नाही. आणि त्याचं पाप तुमच्या माथी."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं, आपण काय पणाला लावलं ते. गेली दोन वर्षं या खेळावाचून त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. पण शब्द मागे घेणाऱ्यांतला तो नव्हता.

मास्तरांनी सुपारी खाली ठेवली. त्याच्याकडे नीट बघितलं.

"घे," ते म्हणाले.

"घे म्हणजे? दुप्पट नको? का नको? सहा कॅट असले तरच, की एक असला तरी?"

मास्तर पुन्हा सुपारी सोलायला लागले.

...

"मास्तर, निदान कारण तरी सांगा."

"आत्ताच दुप्पट केलस ना?" मास्तर म्हणाले. "मगे पान एकच गावता."