नावाड्याचे शेवटचे चित्र

एकदा एक वृद्ध चित्रकथी होता. आठवडी बाजाराच्या दिवशी देवळाच्या ओट्यावर बसून तो पोथीतले एकेक चित्र दाखवत कथा सांगे. त्याच्याकडे पिढीजात सात पोथ्या होत्या आणि घराण्याचा एक नियम होता. उघडलेली पोथी शेवटच्या चित्रापर्यंत सांगायची, मग फडक्यात बांधायची आणि त्या कथेतल्या वीराचे नाव वर्षभर घ्यायचे नाही.

त्याचा शिष्य मोठा बुद्धिमान, गळाही गोड. वयोमानाने गुरूंचा आवाज साथ देईना, तेव्हा ओटा शिष्याच्या हाती आला. शेवटचे चित्र दाखवले की लोक उठून जातात, हे त्याच्या लक्षात आले. मग तो ते दाखवीनासाच झाला. ऐन युद्धात थांबून म्हणे, "बाकीचे पुढच्या बाजारी!" पुढे त्याने एका पोथीतला धनुर्धर दुसऱ्या पोथीतल्या मल्लाच्या मदतीला धाडला आणि शेवटी सातही पोथ्यांतले वीर एकाच रणांगणावर आणून उभे केले. ज्याचे मधले दोन बाजार चुकले, त्याला कोण कोणाचा शत्रू तेच कळेना. तरी पाच गावांची गर्दी लोटू लागली. गावचा व्यापारी खूश होऊन म्हणाला, "बुवा, कोणालाच मरू देऊ नका. मेलेल्याचा पुढचा भाग कसा निघणार?" आज सिनेमातले सुपरहिरो एका चित्रपटातून दुसऱ्यात ये-जा करतात आणि आपण तोंडात बोटे घालतो, त्या व्यापाऱ्याला त्यातले मर्म केव्हाच कळले होते.

या सात पोथ्यांत एक नावाड्याची होती. पुरात सगळे गाव पैलतीरी पोचवून तो स्वतः बुडतो. ती ऐकायला एक म्हातारी दरवर्षी येई. तिचा मुलगाही नावाडी होता. नदीत गेला, देह हाती लागला नाही. शेवटच्या चित्राला ती पोटभर रडे, पदराने डोळे पुसे आणि घरी जाऊन चूल पेटवी.

त्या वर्षीही ती आली. नावाडी पाण्यात दिसेनासा झाला आणि शिष्याने पोथी मिटली.

म्हातारीने विचारले, "आरं, बुडाला न्हवं त्यो?"

"नाही आजी! पुढच्या बाजारी सगळे वीर मिळून त्याला वर काढतात."

लोकांनी टाळ्या पिटल्या. म्हातारी न रडताच उठून निघून गेली. गर्दीच्या कडेला बसलेल्या गुरूंनी ते पाहिले.

सायंकाळी गुरूंनी सातही पोथ्यांतली शेवटची चित्रे काढली, नदीवर नेली आणि एकेक करून पाण्यात सोडू लागले. शिष्य धावत आला. "गुरुजी, तुमच्या पणजोबांच्या हातची चित्रे ही! असे काय करता?"

"तुला ती लागत नाहीत," गुरू म्हणाले. "माणसाच्या घरात फार थोड्या गोष्टी नीट संपतात रे. मेलेल्याशी भांडण राहून जाते, हरवलेल्याची वाट पाहणे सुटत नाही. आपण त्याला एक पुरती संपलेली गोष्ट देत होतो. तिच्यापाशी बसून त्याला स्वतःचे रडून घेता येई. तू वीरांना अमर केलेस आणि त्याची रडण्याची जागा काढून घेतलीस. दोष तुझा एकट्याचा नाही. गर्दी पाहून मीही सुखावलो होतो, म्हणून इतके दिवस गप्प बसलो."

गुरूंच्या हाती एकच चित्र उरले होते, नावाड्याचे. शिष्याने ते मागून घेतले आणि तडक म्हातारीचे घर गाठले.

दार सताड उघडे होते. तिच्यासमोर चित्र धरून तो म्हणाला, "आजी, मी चुकलो. नावाडी बुडाला. कथा इथेच संपते."

म्हातारीने चित्र नीट पाहिले. डोळ्यांतून टिपूस आले नाही. "आसं कसं?" ती म्हणाली. "परत येतो म्हनलास की तूच."

चुलीपाशी तिने दोन ताटे मांडली होती. शिष्य मान खाली घालून उंबऱ्यावर बसून राहिला. पुढे आयुष्यभर त्याने प्रत्येक कथा, शेवटचे चित्र नसले तरी, शेवटपर्यंत सांगितली, पण ती म्हातारी पुन्हा कधी ओट्याकडे फिरकली नाही.

परवा एका सिनेमात मी एक शूर माणूस मरताना पाहिला. पुढच्या भागात तो परतणार हे ठाऊक असल्याने चित्रपटगृहात कोणाचेही डोळे ओले झाले नाहीत, माझेही नाहीत, आणि मला त्याचेच फार वाईट वाटले.