टाचेशी बसलेलं घोंगडं

मेंढरं घेऊन कोकणात पायी उतरायचे दिवस होते, तेव्हाची गोष्ट. निघायच्या आदल्या दिवशी म्हस्कू धनगर सामान निवडत होता. खुंटीवरचं जुनं घोंगडं आशेनं बघत होतं. लहानपणी त्याच वाटेवर म्हस्कू त्याच्यात गुंडाळून बापाच्या खांद्यावर झोपायचा.

“आजोबा, तुमचं ओझं आता कोण वाहणार?” नवे बूट म्हणाले. म्हस्कूनंही हलकी चादरच उचलली. घोंगडं खुंटीवरच राहिलं.

मग म्हस्कूनं बूट घालून अंगणात चार फेऱ्या मारल्या, तोच टाचा सोलल्या. त्यानं कातर आणली, घोंगड्याचे दोन तुकडे कापले आणि बुटांत टाचेशी बसवले.

सकाळी पावलं वाटेला लागली. टाचेजवळून घोंगडं बुटांना म्हणालं, “जपून रे पोरांनो, पुढं ओढा आहे. तिथं याचा बाप याला खांद्यावर घ्यायचा.”