आठव्या गुणसूत्राचं टोक

सकाळचे सव्वासात. कोपेटोला गाव, पेंटाजी वेलादींची ओसरी. ओसरीवर दोन माणसं, साबणाच्या पाण्याची बादली आणि मधे एक टाइप केलेला अहवाल.

"म्हणजे एकही नाही?" पेंटाजींनी विचारलं.

"एकही नाही, गुरुजी. दोनशे बारा नमुने तपासले. दोनशे बाराही शाबूत."

हे सांगताना डॉ. ऋता गहाणे जरा ताठ बसली. तिला तसा हक्कही होता. दीड वर्ष ती या कामात राबली होती.

पेंटाजी हिवताप विभागात चौतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा पाहत होते. जिल्ह्यातल्या निम्म्या तंत्रज्ञांना जंतू ओळखायला त्यांनीच शिकवलं. कॉलेजात असताना ऋताही तीन महिने त्यांच्या हाताखाली बसली होती. पुढे ती पीएचडी झाली आणि जिल्ह्याच्या समितीवर शास्त्रज्ञ म्हणून आली.

समितीत सात जण. सातांपैकी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेला एकच, तो म्हणजे पेंटाजी. निवृत्त होते तरी नाव घातलं होतं, कारण त्यांची सही असली की तंत्रज्ञ कुरकुरत नाहीत.

सहा सह्या झाल्या होत्या. सातवी उरली होती. अकरा वाजता बैठक. अहवाल मंजूर झाला की नऊ आरोग्य केंद्रांतले सूक्ष्मदर्शक उचलायचे आणि तापाचा निवाडा नुसत्या किटवर करायचा. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा. दोन रेघा आल्या तर हिवताप. एकच आली तर नाही, घरी जा.

"मले समजावून सांग," पेंटाजी म्हणाले. "मी जंतू पाहिला आहे. त्याच्या पोटात नाही शिरलो."

ऋता हसली. "शिरला असतात तरी दिसलं नसतं. माणसाची गुणसूत्रं पेशी दुभंगताना आखडून जाड होतात, भिंगाखाली मोजता येतात. हा जंतू एका पेशीचा. याची चौदा गुणसूत्रं तशी आखडतच नाहीत. चौतीस वर्षांत तुम्हाला दिसली नाहीत ती त्यामुळे. मी यंत्रावर तपासली."

"बरं झालं. मले वाटलं, माझा चश्मा जुना झाला."

पेंटाजींनी बाजूच्या टोपलीतून एक काच घेतली, उजेडात धरली, बादलीत बुचकळली आणि अंगठ्याने चोळू लागले. नव्या काचा वेळेवर येत नाहीत. म्हणून वापरलेल्या काचा धुऊन परत पाठवायच्या, ही या भागातली जुनी रीत. हे काम आता केंद्राने पेंटाजींकडे दिलं होतं. जंतू ओळखणारा जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा माणूस, आणि त्याला काम काय, तर भांडी घासायचं.

"हं. टोकाचं सांग."

"गुणसूत्राचं टोक ही फार चंचल जागा असते. तिथे मोडतोड सुरूच असते. आठव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ एक जनुक आहे. त्यातून एक प्रथिन तयार होतं आणि रक्तात उतरतं. किट पकडतं ते प्रथिन. जंतूला पकडत नाही."

"आणि टोक गळालं तर?"

"प्रथिन नाही. मग दुसरी रेघही नाही."

"जंतू मरतो?"

"छे. आमच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं बाटलीत वाढवलेला एक आहे. त्याचं टोक कधीच गळालं. झकास वाढतो."

"माणसाच्या अंगात गेला तर ताप आणेल?"

"आणेल ना."

"मारेल?"

"...उपचार नाही झाले तर मारेल."

"आणि आपल्या जंगलात असला एकही नाही."

"तेच तर शोधायचं होतं, गुरुजी. असला जंतू असता तर किटवर विसंबणं धोक्याचं. नाही सापडला. म्हणजे किट सुरक्षित." तिने अहवालातला फोटो पुढे केला. काळ्या पट्ट्यावर चकाकत्या रेघांच्या रांगा. "एक रेघ म्हणजे एक शाबूत टोक. मोजा."

पेंटाजींनी मोजल्या नाहीत. ओल्या हाताने त्यांनी फोटो धरलाही नाही.

"हे दोनशे बारा जण आणले कुठून?"

"नऊ केंद्रांतून. नियम पक्का होता. हिवतापाचा रोगी आहे याची खात्री असेल, तरच नमुना घ्यायचा."

"खात्री कोणी केली?"

"किटने. दोन रेघा आलेल्यांचंच रक्त घेतलं."

...

पेंटाजी काच चोळत राहिले.

ऋताला वाटलं, म्हाताऱ्याला पटलं. तिने पेन काढून अहवालावर ठेवलं. मग वाटलं, नाही पटलं. मग आपण आत्ता काय बोललो ते तिने मनात पुन्हा म्हणून पाहिलं. वाक्य बरोबर होतं. कुठेतरी खटकत होतं, पण कुठे ते हाताला लागेना.

"यात चूक काय, गुरुजी?"

"मी कुठं चूक म्हणालो?"

"तुम्ही गप्प आहात."

"काच धुऊन राहिलो, बाई."

"तपासणी तीनदा केली आहे. बाहेरच्या दोघा शास्त्रज्ञांनी पाहिली. एकानेही काही काढलं नाही. तुम्हीच असे..."

पेंटाजींनी टोपलीतून आणखी एक काच उचलली. तिच्यावर रक्ताचा वाळका गोल होता आणि कडेला पेन्सिलीने घातलेला आकडा. ती त्यांनी ऋतासमोर धरली.

"घे. पाह्य."

ऋताने हात पुढे केला. काच बोटांना लागणार तोच पेंटाजींनी ती बादलीत सोडली. दोन वेळा अंगठा फिरवला. मग बाहेर काढून, पाणी झटकून तिच्या तळहातावर ठेवली.

"आता सांग. जंतू आहे?"

"ही कोरी आहे."

"जंतू आहे का ते विचारलं."

"कोरी काच बघून मी कसं सांगणार?"

"तू तर दोनशे बारांचं सांगून राहिली."

"ते वेगळं... ही कोणाची होती?"

"किटवर एकच रेघ आलेल्या एका माणसाची. अशांची काच केंद्रात कोणी पाहत नाही."

"मग धुतली काहून?" ऋताच्या तोंडून गावची बोली निघून गेली.

"नियमात बसत नव्हती."

"कुठल्या नियमात?"

पेंटाजींनी हनुवटीने अहवालाकडे दाखवलं.

काचेवरचं पाणी तिच्या मनगटावरून ओघळत होतं. दीड वर्षात अशा किती काचा तिच्या यादीबाहेर राहिल्या? नऊ केंद्रं, रोजचे तापाचे रोगी... आणि बाटलीतला तो जंतू तर तिने स्वतः वाढवला होता. स्वतःच्या हाताने त्याच्यावर किट लावलं होतं. एकच रेघ आली होती. ते तिला ठाऊक होतं. मग टोक गळालेला जंतू आपल्या यादीत येणारच नाही, हे कसं ठाऊक नव्हतं?

की ठाऊक होतं?

"तुम्ही धुण्याआधी पाहिली होती ना ही?"

"पाहिली असली तरी आता दाखवू काय?"

"गुरुजी, काय दिसलं होतं ते सांगा."

"माझ्या तोंडी सांगण्यावर तुझी समिती विसंबेल?"

...

"पण टोपलीत बाकीच्या आहेत," ऋता म्हणाली. मग तिचं तिलाच वाटलं, बाकीच्या म्हणजे किती? कालच्या, परवाच्या. त्याआधीच्या सगळ्या धुऊन केंद्रावर परत गेल्या होत्या. त्यांच्यावर दुसऱ्यांचं रक्त होतं.

तिने अहवाल उचलला, पहिलं पान उलटलं, पुन्हा सरळ केलं. सहा सह्या. त्यातली एक तिचीच.

"ही सही मी मागे घेतली तर दीड वर्ष पाण्यात. नाही घेतली तर..." तिने अहवाल खाली ठेवला. "तुम्ही सही करणार आहात की नाही, तेवढं तरी सांगा."

पेंटाजींनी धोतराला हात पुसले. पेन उचललं, टोपण लावलं आणि तिच्या पिशवीत ठेवून दिलं.

"मग अकरा वाजता मी सांगू काय?" ऋताने विचारलं.

"वरच्या टोल्यावरची, त्या वस्तीतली सोमी पुंगाटी चैत्रात तापाने गेली. पोटुशी होती. किट तीनदा लावलं, तिन्ही वेळा एकच रेघ. तिची काच माझ्याकडे आली, पण धुवायला आली, मी धुतली. तिला कुठला ताप होता, ते अजून कोणी सांगितलेलं नाही."