ड्रेडचा वाक्यात उपयोग

देवराईला खेटून असलेल्या त्या कोकणी शाळेत डेप्युटी नाडकर्णी तपासणीला आले आणि हजेरी त्यांनी स्वतःच घेतली. पहिल्या हाकेला एकाही मुलाने ‘हजर’ म्हटलं नाही. तिसऱ्या हाकेला मात्र प्रत्येक जण उभा राहिला.

“साहेब, देवराईतलं ते जे काही आहे, ते एकदाच हाक मारतं,” धुरीबाईंनी सांगितलं. “म्हणून इथे तिसऱ्या हाकेशिवाय कुणी ओ देत नाही.”

“मास्तरीण असून असल्या गप्पा!” साहेब कडाडले. “आणि फळ्यावर फियर आणि ड्रेडचे अर्थ वेगळे कशाला? दोन्ही म्हणजे भीतीच! ड्रेडचा वाक्यात उपयोग करून दाखवा, नाहीतर शेरेबुकात तुमची बदली सुचवून जातो.”

“तुम्ही गाव सोडायच्या आत दाखवते,” बाई म्हणाल्या.

दुपारी साहेब देवराईतल्या पायवाटेने एकटेच निघाले. बाहेर रणरणतं ऊन, आत मात्र अंधारून आलेलं. पानही हलत नव्हतं. एवढ्यात मागून हाक आली, “साहेऽब!”

ओ द्यायला तोंड उघडलं आणि शाळेतली हजेरी आठवली. मान वळेना, पाय उचलेना. दुसरी हाक आली. तिसरी येताच साहेबांनी केवढ्यांदा तरी ओ दिली.

त्यांची विसरलेली छत्री घेऊन धुरीबाई धापा टाकत आल्या. “समोर वाघ दिसल्यावर वाटतं ते फियर, साहेब. ओ देईपर्यंत तुम्हाला जे वाटलं, ते ड्रेड. झाला उपयोग?”

साहेबांनी घाम पुसला. “मान्य आहे, बाई. पण त्यासाठी तीन-तीन हाका कशाला मारायच्या?”

बाईंनी झाडीकडे पाहिलं.

“मी दोनच मारल्या, साहेब.”