सुतळी न सुटलेला गठ्ठा

याचा शेवट ओळखून दाखवा, माझा चहा तुमचा. मी शाळेचा शिपाई, सहीपुरता शिकलेला, पण खोड्यांमध्ये पोरांच्या पुढं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष विश्वासराव. त्यांना शाळेत एसीचं ऑफिस पाहिजे होतं, अन् नजर पडली ग्रंथालयाच्या खोलीवर. रद्दीवाल्याचा टेंपो घेऊनच आले. ग्रंथपाल लोखंडे बाईंना सगळ्या मास्तरांसमोर म्हणाले, "आता सगळं मोबाईलवर असतंय. जे पुस्तक पोरांनी कधी उघडलं नाही, ते टेंपोत."

बाई पार थकलेल्या. मास्तरांची भरती होईना, म्हणून गणिताचे तासही त्यांच्याच गळ्यात. भांडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मामा, तो खालचा गठ्ठा काढा."

त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. मुद्दाम धूळ न पुसता अध्यक्षांच्या पुढ्यात आदळला. त्यांच्याच कवितांची पुस्तकं, त्यांनीच शाळेला भेट दिलेली. सुतळी अजून तशीच.

"साहेब, तुमच्या नियमानं सुरुवात इथनं करावी लागते," बाई म्हणाल्या.

मास्तर लोक छताकडं बघायला लागले. अध्यक्ष हळूच म्हणाले, "हे राहू द्या. पोरं वाचतील की कधीतरी."

"बाकीच्या पुस्तकांचंही मी तेच म्हणते, साहेब."

टेंपो रिकामा गेला, खोली वाचली. पण आता दर शनिवारी अध्यक्ष स्वतः येऊन त्या खोलीत कविता म्हणतात. पोरं पेंगतात, बाई पेपर तपासतात. टाळ्या वाजवायला जागं कुणीतरी पाहिजे, म्हणून बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलंय.